तिसऱ्या पाळीतला मधुमेह

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीत दिवाळीच्या सुमारास ऊस तोडणीस येतो, कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते, आणि तेव्हापासून पुढचे चार-पाच महिने वाळवे तालुक्यातील हजारो माणसांची रात्र झोपेसाठी राहत नाही. इस्लामपूर हे या तालुक्याचे ठाणे. राज्य शासनाने २०२५ साली त्याचे नाव ईश्वरपूर करण्याचे जाहीर केले असले, तरी जुन्या दस्तऐवजांत आणि लोकांच्या तोंडी उरुण-इस्लामपूर हेच नाव रुळलेले आहे. पेठ नाक्यावर पुणे-बेंगळुरू महामार्ग सोडून आत वळले की तहसील कचेरी, उपजिल्हा रुग्णालय, एस.टी.चे आगार, औद्योगिक वसाहत असा तालुक्याच्या गावाचा सारा सरंजाम लागतो. शेजारी साखराळ्याच्या हद्दीत राजारामनगरचा राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना आहे, त्याच कारखान्याची दुसरी युनिटे वाटेगाव, कारंदवाडी आणि दूर जत तालुक्यातील तिप्पेहळ्ळी येथे आहेत, आणि वाळव्यास नागनाथअण्णा नायकवडींनी उभारलेला हुतात्मा किसन अहीर कारखाना आहे. कृष्णेपलीकडे १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने तर या मुलखातील शेतकऱ्याच्या मुलाला भोंग्याच्या वेळेवर कामास रुजू होण्याची शिस्त शंभर वर्षांपूर्वीच लावली. अशा या मुलखात यंत्रापाशी, चाकापाशी आणि उसाच्या फडात राबणाऱ्या ज्या माणसांना मधुमेह आहे, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

मधुमेह हा बैठे काम करणाऱ्या, सुखवस्तू, स्थूल माणसांचा रोग, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ आहे, की अंगमेहनत करणाऱ्या शिडशिडीत माणसाला तो जडल्याचे सांगितले तर घरची माणसे प्रथम तपासणाऱ्यावरच अविश्वास दाखवतात. वस्तुस्थिती निराळी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसे मधुमेही आहेत, आणि आणखी १५.३ टक्के त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे जे आकडे २०११ साली बाहेर आले होते, त्यांत महाराष्ट्राच्या शहरी भागाचे प्रमाण १०.९ टक्के आणि ग्रामीण भागाचे ६.५ टक्के होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांची अपत्ये यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातून असे दिसले की आपल्याकडचे बालक जन्मतः वजनाने कमी असूनही त्याच्या देहात चरबीचा अंश तुलनेने अधिक असतो. २००४ साली त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याने ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच देहांची मापे छापली. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराने दोघे अगदी समान होते, दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. तेव्हा गोदामात पन्नास किलोंचे पोते पाठीवर घेणारा हमाल दिसायला काटक आहे, एवढ्यावरून त्याच्या रक्तात काय चालले आहे याचा निर्वाळा देता येत नाही.

हा रोग असलेला मनुष्य कामाला निरुपयोगी ठरतो काय, असा प्रश्न कोणी विचारला तर महाराष्ट्राने त्याचे उत्तर फार पूर्वी पाहिले आहे. लोकमान्य टिळकांना १९०८ साली मंडाल्यास नेले तेव्हा ते मधुमेही होते. इन्शुलिनचा शोध लागण्यास अद्याप तेरा वर्षांचा अवकाश होता, आणि कडक पथ्याखेरीज त्या काळी वैद्यांच्या वा डॉक्टरांच्या हाती दुसरे साधन नव्हते. त्या स्थितीत, त्या तुरुंगात, ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. पुढे १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले; जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलाला टोचले गेले आणि तो वाचला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि त्यांचे वरिष्ठ मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो आणि तो बहुधा आपल्या दिवाळीच्या मागेपुढेच येतो. आमच्या पिढीच्या क्रिकेटवेड्या वाचकांना वसीम अक्रमचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल: १९९७ मध्ये ऐन तिशीत त्याला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले आणि त्यानंतरही २००३ पर्यंत तो आंतरराष्ट्रीय सामन्यांत वेगवान गोलंदाजी करीत राहिला. मात्र टिळकांची लेखणी किंवा अक्रमचा चेंडू यांच्यात आणि बॉयलरच्या शिडीवर चढलेल्या फिटरच्या कामात एक मोठा भेद आहे. फिटरला मध्येच अंधारी आली तर त्याला सावरायला वेळ मिळत नाही.

साखर वाढण्याचे परिणाम डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय यांवर वर्षानुवर्षे, न कण्हता न कुंथता, साचत जातात, आणि त्यांविषयी आता खेडोपाडी बऱ्यापैकी जागृती झाली आहे. साखर एकाएकी कमी होण्याचा धोका मात्र औषध सुरू असलेल्या माणसावर दहा-पंधरा मिनिटांत कोसळतो, आणि कामाच्या जागी जीव घेणारा धोका मुख्यतः हाच असतो. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की हात कापतात, भूक भडकते, छातीत धडधडते, दरदरून घाम फुटतो. ५४ च्या खाली गेली की मेंदूलाच इंधन अपुरे पडून विचार तुटू लागतो, बोबडी वळते, समोरचे दुहेरी दिसते, आणि त्याहीपुढे बेशुद्धी वा झटके. या भागातील एका कारखान्यात बॉयलरवर आयुष्य घालवलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपला अनुभव सांगितला तो त्यांच्याच शब्दांत देतो: “रातपाळी हुती, पावणं. जेवान करून गोळी घ्यायची, तर त्या दिवशी गोळी घेतली आन् डबा तसाच ऱ्हायला, बदली मानूस आलाच न्हाई. घाम तर तितं समद्यांनाच असतोय, मला काय कळंना. व्हॉल्व्ह डावीकडं फिरवायचा का उजवीकडं ह्येच डोक्यात येईना. जोडीदारानं हात धरला म्हणून.” त्यांचे वाक्य तिथेच थांबले. या निवेदनात एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. साखर उतरल्याची खूण म्हणून घामाकडे लक्ष द्या, असे डॉक्टर प्रत्येक रुग्णाला सांगतात; परंतु बॉयलर-हाउसमध्ये, फाउंड्रीच्या भट्टीपाशी, किंवा मार्च महिन्याच्या फडात सगळ्यांचेच अंग निथळत असते, आणि तेथे ही खूण वाचताच येत नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना धडधडही जाणवत नाही. अनेक वर्षांच्या जुन्या मधुमेह्याच्या शरीराला तर पूर्वसूचना देण्याची शक्तीच उरत नाही. अशा माणसाचा जीव त्याच्या जोडीदाराच्या ध्यानात काय येते यावर अवलंबून असतो.

जोडीदाराच्या, आणि पाळीप्रमुखाच्या. कारण साखर उतरलेला मनुष्य आणि मद्य घेतलेला मनुष्य बाहेरून पाहणाऱ्याला सारखेच दिसतात: पाय लटपटतात, शब्द अडखळतात, स्वभाव एकदम चिडखोर होतो, आणि मदतीला पुढे केलेला हात तो झिडकारतो. कारखान्यात दारू पिऊन येणाऱ्याला फाटकाबाहेर काढण्याचा नियम योग्यच आहे. पण त्याच नियमाच्या अंमलबजावणीत एखाद्या मधुमेह्याला भर थंडीच्या रात्री सायकलवरून एकट्याने घरी पाठवले जात असेल, तर तो मरणाच्या वाटेवर ढकलला जात आहे. ज्याच्या तोंडाला वास येत नाही आणि ज्याला घाम सुटला आहे, अशाला हाकलण्यापूर्वी पाच मिनिटे बसवून साखरेचे पाणी द्यावे, एवढा साधा दंडक प्रत्येक फाटकावरच्या रखवालदाराला शिकवता येण्यासारखा आहे. रोगी नसलेल्या माणसाला त्या साखरेने काहीही अपाय होत नाही.

आता औषधांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घोटाळ्याचे मूळ बहुधा येथेच असते. सर्वत्र प्रचलित असलेले मेटफॉर्मिन एकटे घेतले तर साखर धोक्याइतकी उतरण्याचा संभव अत्यल्प. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास भाग पाडतात, मग पोटात अन्न असो वा नसो. यांतले ग्लिबेनक्लामाइड दीर्घकाळ रेंगाळणारे आणि म्हणून अधिक घातक, आणि मूत्रपिंड अशक्त झालेल्या माणसात तर या गोळीचा अंमल लांबतच जातो. सरकारी दवाखान्यातून असो की खासगी, ही गोळी देताना चिठ्ठीवर ‘सकाळी’ असे लिहिले जाते. पण आठवड्या-पंधरवड्याने पाळी फिरणाऱ्या कामगाराची सकाळ कोणती? रात्रपाळी उतरून घरी आलेला मनुष्य घोटभर चहा घेऊन पडदा ओढून झोपतो. त्याने चिठ्ठीबरहुकूम गोळी घेतली तर दुपारी झोपेतच त्याची साखर उतरते. ही गोळी घड्याळाला बांधलेली नसून जेवणाला बांधलेली आहे, आणि ‘पाळी बदलली तर काय करायचे’ हे डॉक्टरांकडून तीनही पाळ्यांसाठी वेगवेगळे लिहून घेतले पाहिजे. दुसरे असे, की जड मेहनतीने त्या वेळी तर साखर खर्च होतेच, पण स्नायू आपला रिकामा साठा भरून काढण्यासाठी पुढचे कित्येक तास रक्तातून साखर ओढत राहतात, म्हणून गोदामात जादा पाळी करून आलेल्या हमालाला धोका त्या रात्री अंथरुणात असतो. त्यावर मद्य घेतले तर यकृताचा साखर सोडण्याचा मार्गही रोखला जातो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी कष्टाच्या दिवशी ते दंडात वा मांडीत न घेता पोटावर घ्यावे, कारण राबणाऱ्या अवयवातून ते वेगाने शोषले जाते. शिवाय आपल्याकडे कुपीतील इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटांचे आणि पेनमधले १०० युनिटांचे असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. पेनच्या नळीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने ओढणारा मनुष्य अजाणता अडीचपट मात्रा घेतो.

साखर उतरली तर काय द्यावे, याविषयीही नुसत्या सदिच्छेने भागत नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात ढवळून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा तितकीच द्यावी, आणि सावरल्यावर भाकरी, पोळी, बिस्किटे असे काही टिकाऊ खायला घालावे. या मुलखात अर्धा पेला उसाचा रसही तेच काम करतो. साताऱ्याचा कंदी पेढा मात्र या प्रसंगी उपयोगाचा नाही. त्यातील खव्याची चरबी साखर रक्तात पोचण्यास विलंब लावते. आणखी एक बाब फारच थोड्यांना ठाऊक असते. आजकाल पुष्कळ मधुमेह्यांना एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधे मिळतात. यांतले व्होग्लिबोज आतड्यात साध्या साखरेचे विघटनच लांबवते, त्यामुळे ही गोळी घेणाऱ्याला घरची साखर वेळेवर उपयोगी पडत नाही, त्याच्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूडच हवी. आपल्या गोळीच्या पाकिटावर काय छापले आहे हे दुकानदाराकडून एकदा वाचून घेण्यास पैसे पडत नाहीत. आणि मनुष्य बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात पाणी, साखर, गूळ काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. त्याला कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पायांची कथा वेगळी आहे, आणि ती मला अधिक दुःखद वाटते, कारण तिच्यात घाई नसते आणि तरीही आपण वेळ गमावतो. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू नाहीशी होते. उसाच्या पाचटाची धार, तोडलेल्या उसाचा तिरपा खुंट, बॉयलरखालची गरम राख, बुटात शिरलेला खडा, यांपैकी कशाचीही वार्ता मेंदूपर्यंत पोचत नाही. जखम होते, दुखत नाही म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, चिघळते, आणि शेवटी बोट किंवा पाऊल कापण्याची पाळी येते. दवाखान्यात एका नायलॉनच्या तंतूने तळव्याला स्पर्श करून ही बधिरता दोन मिनिटांत ओळखता येते. पण ती तपासण्यासाठी रुग्णाने जोडा आणि डॉक्टरांनी वेळ, दोन्ही काढावे लागतात. कामावरून आल्यावर पाय धुऊन तळवे आरशात पाहणे किंवा घरच्यांकडून पाहून घेणे, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवणे, अनवाणी फडात न उतरणे, ही पथ्ये गोळीइतकीच मोलाची आहेत. डोळ्यांचे तसेच: पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटेपर्यंत दिसण्यात काहीच उणे वाटत नाही, आणि म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी करणे हे, विशेषतः क्रेनवर, उंचीवर आणि चाकावर बसणाऱ्यांना, अटळ मानले पाहिजे. उष्णतेत काम करणाऱ्यांनी आणखी एक जपावे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, २०२० मध्ये त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यापासून, स्वस्त होऊन खूप वापरात आल्या आहेत. औषध म्हणून त्या उत्तम आहेत, पण त्या शरीरातील पाणीही नेतात, आणि भट्टीपाशी आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाने पाण्याचा तांब्या दूर ठेवून चालत नाही.

चाकावर बसणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण तेथे एकाचा नव्हे तर पन्नास जणांचा जीव गुंतलेला असतो. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी जो नमुना क्रमांक १ भरून द्यावा लागतो, त्यात अपस्मार किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे वा घेरी येण्याचे झटके येतात काय, असा प्रश्न आहे. उसाची दोन ट्रेलरे ओढणारा ट्रॅक्टरचालक असो की एस.टी.चा चालक, ‘नाही’ असे उत्तर देण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही असे त्याला वाटते. कारण खरे उत्तर दिले तर पुढे काय होईल, याची त्याला कोणीही हमी दिलेली नसते. इतर देशांनी या प्रश्नाला बंदीऐवजी नियमाने उत्तर दिले. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्यांना अवजड वाहने चालवण्यास पूर्वी मज्जाव होता. नोव्हेंबर २०११ पासून तो उठवून त्याजागी वैयक्तिक तपासणीची पद्धत आली. वाहन सुरू करण्याआधी दोन तासांच्या आत रक्त तपासावे, प्रवासात दर दोन तासांनी तपासावे, साखर आपल्या मापाने ९० च्या खाली असल्यास आधी काही खावे, आणि ती उतरून गेली असल्यास पूर्ववत झाल्यानंतर पाऊण तास चाक हाती घेऊ नये, असे तेथील नियम सांगतात. अमेरिकेनेही २०१८ मध्ये उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या दाखल्यावर अशा चालकांना परवानगी दिली. ज्या राष्ट्रांत अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात, त्यांनी विचारांती हा मार्ग धरला, याचा अर्थ एवढाच की रोग जाहीर करणारा आणि तपासून गाडी चालवणारा मधुमेही, रोग लपवून चालवणाऱ्यापेक्षा रस्त्यावर निश्चित सुरक्षित असतो.

लपवणे हा शब्द मी आरोप म्हणून वापरत नाही. या परिसरातील ज्या कामगारांशी बोलणे झाले, त्यांपैकी बहुतेकांनी आपला रोग पाळीप्रमुखाला सांगितलेला नव्हता, आणि त्यांचे कारण एकच होते. “सांगितलं तर पुढच्या सीझनला बोलावायचे न्हाईत,” असे एका तात्पुरत्या हंगामी कामगाराने सांगितले. साखर धंद्यात कायम, हंगामी कायम, हंगामी तात्पुरता आणि कंत्राटी अशी जी उतरंड आहे, तिच्यात खाली जावे तसतसे हे भय वाढत जाते. कायद्यानेही या माणसाला पुरता आधार दिलेला नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने हंगामी कारखाने आपल्या कक्षेबाहेर ठेवले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर व गूळ तयार करणाऱ्या कारखान्यांचाही नामनिर्देश केला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्यांचा अपवाद राहिला. त्याच १९४८ सालच्या कारखाने अधिनियमाने पाच तासांहून अधिक वेळ सलग काम घेऊ नये, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा दंडक घातला; पण तांत्रिक कारणाने अखंड चालवाव्या लागणाऱ्या कामांना त्यातून सूट देण्याची मुभाही त्यातच ठेवली. बॉयलर आणि मिल यांवरच्या मधुमेह्याचे जेवण नेमके या सवलतीत अडकते. बदली माणूस वेळेवर आला तर डबा उघडतो, न आला तर तसाच घरी जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने नोकरीतील भेदभाव निषिद्ध केला खरा, तथापि त्यातील एकवीस दिव्यांगत्वांत मधुमेह नाही; दृष्टी गेल्यावर किंवा पाय कापल्यावर मात्र हाच मनुष्य त्या यादीत येतो. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ठरवून दिलेल्या वयाच्या कामगारांची मालकाने वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी करावी, अशी तरतूद आहे. ती हितावह आहे. परंतु तपासणीत साखर निघाली म्हणून कोणाला कमी करणार नाही, असे लेखी आश्वासन तिच्यासोबत नसेल, तर कामगार त्या दिवशी रजा टाकून घरी बसेल.

सरकारी यंत्रणा दारापर्यंत पोचते, हे नाकारता येणार नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची आशाताईंनी घरी जाऊन नोंद करावी आणि उपकेंद्रात त्याची रक्तदाब-साखर तपासली जावी, अशी व्यवस्था आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. अडचण वेळेची आहे. आशाताई सकाळी येतात तेव्हा रात्रपाळीचा मनुष्य झोपलेला असतो आणि दिवसपाळीचा कामावर गेलेला, एका आशाताईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या वहीत बायकांच्या नोंदी जवळजवळ पूर्ण आहेत आणि “कामावरचे मामा, काका तेवढे ऱ्हायल्यात.” पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी टेबल मांडून बसले तर ही उणीव चार दिवसांत भरून निघेल. आणि जे बीड, अहिल्यानगर आणि आपल्याच जिल्ह्याच्या जत भागातून कोयता घेऊन येतात, त्यांची नोंद तर कोठल्याच गावात धड होत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे तीनला गाडी भरायला उठावे लागते आणि पहिली भाकरी कधी पोटात जाईल याचा नेम नसतो. अशा जोडप्यातल्या एखाद्याला इन्शुलिन चालू असेल तर ते कोपीत कोठे ठेवावे? न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात, आणि वापरात असलेली साधारण चार आठवडे, तीसच्या खालच्या गारव्यात टिकते. ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत ती मार्चअखेरीस निकामी होते. ओल्या वाळूत बसवलेले मातीचे मडके हा त्यावरचा स्वस्त आणि परीक्षिलेला उपाय आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शासनाने कल्याण महामंडळ स्थापिले आहे. त्याच्या कामात तळावरची साखर-तपासणी आणि औषधाची साठवण या दोन बाबी आल्या, तर त्या नावाचे सार्थक होईल.

दिवाळीच्या दिवसांत फराळाविषयी न लिहिता पुढे जाणे वाचकांना रुचणार नाही, म्हणून थोडेच लिहितो. करंजी, अनारसे यांची धास्ती घेणारा मनुष्य एकादशीच्या उपवासाबद्दल मात्र निर्धास्त असतो, आणि कामाच्या जागी अपघात घडवणारा दिवस बहुधा तोच ठरतो. सकाळी गोळी घेतली, दुपारपर्यंत केवळ चहा, आणि मग साबुदाण्याची वाटीभर खिचडी: यात आधी साखर तळाला जाते आणि मग एकदम उसळते. ज्याला उपवास करावयाचाच आहे त्याने त्या दिवशीची गोळी किती आणि केव्हा घ्यायची हे आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारावे, नवरात्राचे नऊ दिवस उंचीवरचे काम मागून घेऊ नये, आणि डॉक्टरांनीही रुग्णाच्या श्रद्धेची टर न उडवता त्याला नीट हिशेब करून द्यावा.

कारखान्यांच्या संचालक मंडळांना, कामगार संघटनांना आणि आगारप्रमुखांना माझे सांगणे मोजके आहे. कारखाने अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची जी पेटी ठेवावयास सांगितली, तिच्यात ग्लुकोजची पूड आणि रक्त तपासण्याचे एक छोटे यंत्र ठेवा. बॉयलर, मिल आणि गोदाम यांवर मधुमेह्याच्या जेवणासाठी बदली माणसाची नेमणूक हजेरीपत्रकावर लिहून करा. ज्याला इन्शुलिन वा ग्लिमेपिराइड चालू आहे त्याला एकट्याने, उंचीवर, रात्री काम देऊ नका, पण त्यासाठी त्याचा पगारही कापू नका. आणि रोग सांगितल्यामुळे कोणाचाही हंगाम बुडणार नाही, असा ठराव करून तो फाटकावर लावा. कामगार बंधूंनी आपल्या डाव्या-उजव्या हाताच्या जोडीदाराला आजच सांगावे की मला शुगर आहे, गोळी अमुक आहे, आणि पूड माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात आहे. यंदाचा गळीत हंगाम आता सुरू होत आहे. ही तजवीज गव्हाणीत पहिली मोळी पडण्यापूर्वी व्हावी.